डकवलेल्या शब्दांची कविता

ध्वनिक्षेपकासमोर बसून केवळ डोळ्यांनी वाचावयाच्या कवितेविषयी बोलणे हा काहीसा धाडसाचाच उद्योग म्हटला पाहिजे. आपल्याकडे कविता ही प्रथमपासून कानाची मानली गेली. ओवी जात्यावर म्हणावयाची, अभंग टाळमृदंगाच्या साथीने गावयाचा, आर्या घोळून घोळून पाठ करावयाची. ती कागदावर उतरली तरी तिचे खरे स्थान कंठातच राहिले. तथापि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कवितेचा आणखी एक प्रकार जगभर रूढ झाला आहे. त्यात शब्द पाहावयाचे असतात. आणि त्याच्या एका शाखेत तर ते शब्द कवीने स्वतः लिहिलेलेही नसतात. जुन्या वर्तमानपत्रातून, प्रवासाच्या तिकिटावरून, औषधाच्या वेष्टनावरून किंवा रद्दीत आलेल्या पुस्तकातून ते कापून अथवा फाडून घेतलेले असतात, आणि एकावर एक किंवा एकाशेजारी एक डकवून त्यांची रचना केलेली असते. चित्रकलेत या पद्धतीला कोलाज म्हणतात. हा शब्द फ्रेंच असून त्याचा मूळ अर्थ डकवणे, चिकटवणे एवढाच आहे. अशा डकवलेल्या रचनेला कविता का म्हणावयाचे, ती हाताने कशी सिद्ध होते, आणि तिची पारख कोणत्या कसोटीवर करावयाची, याचा थोडा विचार आज आपण करू.

शब्दांचे चित्र करण्याची हौस मानवाला नवी नाही. भारवीच्या 'किरातार्जुनीया'चा पंधरावा सर्ग आणि माघाच्या 'शिशुपालवधा'चा एकोणिसावा सर्ग हे अशा करामतींनी भरलेले आहेत. अक्षरे चौकटीत मांडली असता चहूंकडून सारखीच वाचता यावीत असा सर्वतोभद्र, कमळाच्या पाकळ्यांत अक्षरे बसवावयाचा पद्मबंध, तलवारीच्या आकाराचा खड्गबंध, हे सारे आपल्या परंपरेतील चित्रकाव्याचे प्रकार होत. मराठीत मोरोपंतांनी एकशेआठ रामायणे रचली म्हणतात, त्यांतही अक्षरांच्या अशा कसरती आहेत. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून रचलेले निरोष्ठ रामायण हे त्यांपैकीच एक. पण आपल्या साहित्यशास्त्राने या प्रकाराला फारसा मान दिला नाही. मम्मटाने काव्याच्या तीन पायऱ्या केल्या आणि चित्रकाव्याला सर्वांत खालच्या पायरीवर बसवले. कारण स्पष्ट होते. तेथे शब्दांची कारागिरी होती, परंतु शब्दांपलीकडे काही सुचवणारा अर्थ नव्हता. हा आक्षेप आपण लक्षात ठेवावा, कारण डकवलेल्या कवितेलाही अखेर त्याचेच उत्तर द्यावे लागणार आहे.

युरोपात स्तेफान मालार्मे या फ्रेंच कवीने १८९७ साली एका दीर्घ कवितेच्या ओळी पानभर लहानमोठ्या टाइपात विखरून टाकल्या आणि कोऱ्या जागेलाही बोलके केले. पुढे गिलोम अपोलिनेरने पावसाच्या धारांसारख्या किंवा कारंजासारख्या आकारात कविता मांडल्या. त्यांचा संग्रह १९१८ साली निघाला आणि त्याच वर्षी कवी इन्फ्लुएन्झाच्या साथीत निवर्तला. पण मालार्मे काय किंवा अपोलिनेर काय, दोघांचेही शब्द त्यांचे स्वतःचे होते. मांडणी नवी असली तरी मजकूर कवीच्याच लेखणीतून उतरलेला होता.

परका शब्द जसाच्या तसा कलाकृतीत आणून बसवण्याचा प्रारंभ पॅरिसमध्ये १९१२ साली झाला, आणि तो चित्रकारांनी केला. त्या वर्षी पिकासोने वेताच्या खुर्चीची वीण छापलेले मेणकापड एका चित्रात डकवले आणि त्या चित्राला चौकट म्हणून दोरखंड गुंडाळला. त्याच साली ब्राक याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद चित्रात वापरला. लवकरच वर्तमानपत्राचे तुकडेही आले. पिकासोच्या एका रचनेत गिटार, पेला आणि संगीताचा कागद यांच्या शेजारी मथळ्याचा एक तुकडा आहे. मथळा लढाई सुरू झाल्याचा आहे, आणि मूळ बातमी बाल्कन प्रदेशातील युद्धाची होती. आता हा तुकडा चित्रात काय करतो? उपाहारगृहाच्या टेबलावर वर्तमानपत्र पडलेले असावयाचेच, म्हणून तो तेथे आहे असे म्हणता येईल. नव्या आणि जुन्या कलेची लढाई जुंपली, असाही त्याचा अर्थ घेता येईल. आणि तरीही दूर कोठे तरी माणसे खरोखरच मरत आहेत, हे त्या छापील अक्षरांतून पुसले जात नाही. एकाच तुकड्यातून असे तीन अर्थ निघतात, आणि ते निघतात याचे कारण तो तुकडा पिकासोने रंगवलेला नाही. तो दुसऱ्या एका जगातून तेथे आलेला आहे.

दोन वर्षांनी महायुद्धच आले. ज्या शब्दांनी तरुणांना रणांगणावर पाठवले ते मोठमोठे शब्द, राष्ट्र, सन्मान, संस्कृती, हे सर्व त्या पिढीच्या मनातून उतरले. १९१६ साली झुरिक येथे जमलेल्या दादा पंथाच्या कवींनी अर्थावरचाच विश्वास उडाल्याचे जाहीर केले. त्यांपैकी त्रिस्तान झारा याने १९२० साली कविता करण्याची एक कृतीच सांगितली: वर्तमानपत्रातील लेख घ्यावा, त्यातील शब्द कात्रीने सुटे करावेत, पिशवीत घालून हलवावेत आणि हाताला येतील त्या क्रमाने उतरून घ्यावेत. यात उपहास होता तसा संतापही होता. पण पिशवीतून निघणारी कविता ही अखेर योगायोगाची कविता होय. तिने जुने मोडता आले, नवे जोडता आले नाही.

जोडण्याचे काम ज्याने आयुष्यभर केले तो कुर्ट श्विटर्स हा जर्मन कलावंत. त्याचा जन्म १८८७ साली हॅनोव्हर येथे झाला. चित्रकार, कवी, मुद्रणकार आणि जाहिरातींचा संकल्पक अशा अनेक भूमिका त्याने वठवल्या. १९१९ च्या सुमारास, पराभूत जर्मनीत सर्वत्र मोडतोड झालेली असताना, तो रस्त्यावरची ट्रामची तिकिटे, पाकिटे, लाकडाच्या ढलप्या, चिंध्या आणि कागदाचे कपटे गोळा करू लागला. एका बँकेच्या जाहिरातीतून कापलेल्या तुकड्यावर वाणिज्य या अर्थाच्या जर्मन शब्दाचा केवळ उत्तरार्ध उरला होता: 'मेर्त्स'. हे निरर्थक अक्षर त्याच्या एका चित्रात गेले आणि पुढे त्याच्या सगळ्याच कलेचे नाव झाले. सारे काही मोडून पडले आहे, तेव्हा तुकड्यांतूनच नवे घडवावे लागणार, अशी त्याची धारणा होती. झाराच्या पिशवीपेक्षा ही वाट वेगळी आहे. श्विटर्सने योगायोगाने हाती आलेले घेतले, पण ते कोठे बसवावयाचे हे योगायोगावर सोडले नाही. प्रत्येक तिकीट त्याने दहा ठिकाणी ठेवून पाहिले असेल असे त्याची चित्रे पाहताना वाटते, इतकी त्यांची बांधणी घट्ट आहे.

या कलेची किंमतही त्याला मोजावी लागली. नाझी राजवटीने १९३७ साली म्यूनिक येथे 'विकृत कले'चे प्रदर्शन मांडले, त्यात त्याची चित्रे टिंगलीसाठी टांगली गेली. त्याच वर्षी तो नॉर्वेला निघून गेला. १९४० साली जर्मन सैन्य तेथेही पोहोचले तेव्हा त्याने इंग्लंड गाठले, आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅन या बेटावरील छावणीत त्याला सुमारे सव्वा वर्ष स्थानबद्ध राहावे लागले. तेथे त्याने हाती लागेल त्या वस्तूंतून कलाकृती केल्या. ओटच्या लापशीची शिल्पेही केली. हॅनोव्हरच्या घरात अनेक वर्षे खपून उभारलेली त्याची अवाढव्य रचना ऑक्टोबर १९४३ मधील बाँबवर्षावात नष्ट झाली. इंग्लंडात त्याने पुन्हा कपटे वेचावयास सुरुवात केली. आता त्यांवर इंग्रजी अक्षरे होती, बसची तिकिटे आणि मिठाईची वेष्टने इंग्रजी होती. ८ जानेवारी १९४८ रोजी तो मरण पावला. देश बदलला, भाषा बदलली, आणि त्याच्या चित्रांतील कागदांनी त्या बदलाची नोंद त्याच्या वतीने करून ठेवली. आज ती चित्रे क्रमाने पाहिली तर एका निर्वासिताचे चरित्रच आपण वाचतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. याला कविता का म्हणावयाचे? उत्तरासाठी दूर जावयास नको. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने सांगितले की शब्दाचा सरळ अर्थ संपल्यावरही जो अर्थ घंटेच्या नादाप्रमाणे मागे घुमत राहतो, तो काव्याचा प्राण होय. त्याला त्याने ध्वनी म्हटले. डकवलेल्या कवितेत हा ध्वनी एका विशेष मार्गाने निर्माण होतो. कापून आणलेला शब्द आपले पूर्वीचे आयुष्य बरोबर घेऊन येतो. त्याचा टाइप, त्याची शाई, त्याच्या कागदाचा रंग, मागच्या बाजूचा उमटलेला मजकूर, हे सर्व सांगत असते की तो कोठे राहत होता आणि कोणाशी बोलत होता. नव्या जागी त्याला नवा अर्थ मिळतो, पण जुना अर्थ खालून वाजत राहतो. हे दोन अर्थ एकाच वेळी ऐकू आले की कविता झाली.

उदाहरणासाठी एक साधी रचना कल्पून पाहू. लग्नपत्रिकेच्या शेवटी 'अगत्य येण्याचे करावे' असे छापलेले असते. तो तुकडा घ्यावा. धान्याच्या दुकानातील जुन्या पावतीवर कारकुनाने 'शिल्लक नाही' असे लिहिलेले असते. तो दुसरा तुकडा. हेच दोन मजकूर आपण एका शाईने वहीत लिहिले तर टंचाईवरचे एक टीकात्मक वाक्य तयार होईल, आणि ते फारसे लक्षातही राहणार नाही. पण पत्रिकेचा जाड, कुंकवाच्या रंगाची अक्षरे मिरवणारा कागद आणि पावतीचा पातळ, कार्बनच्या जांभळ्या ठशाचा कागद शेजारी आले म्हणजे एका घरची हौस आणि त्याच घरची अडचण समोरासमोर उभी राहते. पावती पत्रिकेच्या खाली दडवली आणि तिचा एक कोपराच दिसू दिला, तर वाचणाऱ्याला यजमानाची लपवाछपवी कळते. पत्रिका खाली आणि पावती वर ठेवली, तर हौस चिरडली गेल्याचा भास होतो. शब्द तेच, त्यांची संख्याही तीच. केवळ थर बदलल्याने अर्थ बदलला. छंदोबद्ध कवितेत जे काम यती आणि यमक करतात, ते येथे वरचा थर आणि खालचा थर करतात.

थरांबरोबर पोताचा विचार आलाच. कापड हाताळणाऱ्याला पोत म्हणजे काय हे सांगावे लागत नाही; कागदालाही तो असतो. वर्तमानपत्राचा कागद खरबरीत आणि शोषक, पत्रिकेचा गुळगुळीत, पतंगाचा पारदर्शक आणि कुरकुरीत, टीपकागद मऊ. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात परंपरेने होत आलेल्या हातकागदासारख्या कागदाचे तंतू लांब असतात, म्हणून तो फाडला असता कडेला मऊ लव सुटते. यंत्रावरचा कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, कारण त्याचे तंतू एकाच दिशेला लागलेले असतात. कात्रीने कापलेली कड निश्चयी दिसते, फाडलेली कड घाव झाल्यासारखी. कोणता शब्द कापावयाचा आणि कोणता फाडावयाचा, हा म्हणूनच अर्थाचा प्रश्न आहे. पतंगाचा कागद मजकुरावर डकवला की खालचे शब्द धुक्यातून पाहावेत तसे दिसतात, आणि आठवण पुसट होत गेल्याचा परिणाम एकही शब्द न लिहिता साधता येतो.

ही सर्व कला हाताची आहे, तेव्हा तिच्या साध्या व्यवहाराविषयीही दोन शब्द सांगावेत. पिठाची खळ शिजवून वापरावी हा बुकबांधणीवाल्यांचा जुना परिपाठ. कीड लागू नये म्हणून ते तीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती मात्र अशी खळ देऊ नये. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस ओला कागद डकवला तर वाळताना तो आकसतो आणि पुठ्ठा वाकतो, म्हणून मागील बाजूसही एक कागद लावावा आणि काम वजनाखाली वाळू द्यावे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातील लिग्निन नावाच्या द्रव्यामुळे तो उजेडात पिवळा पडत जातो. श्विटर्सच्या काळातील पुष्कळ कागद आज असे तपकिरी झालेले आहेत. ज्याला हे नको असेल त्याने रचना उन्हापासून दूर ठेवावी. पण काही जण या पिवळेपणालाही रचनेचा भाग मानतात, आणि त्यात चूक काही नाही. काळ हाही एक थर आहे.

आपल्या घरांत हे शहाणपण स्त्रियांनी फार पूर्वीपासून राखलेले आहे. गोधडीत आजीचे लुगडे, वडिलांचे धोतर, लेकीचे परकर थरावर थर घालून धावदोऱ्याने शिवलेले असतात, आणि पांघरणाऱ्याला प्रत्येक तुकडा कोणाचा हे ठाऊक असते. बर्लिनच्या हाना हॉख हिने १९१६ पासून दहा वर्षे एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत विणकामाचे आणि भरतकामाचे नमुने आखण्याची नोकरी केली, आणि त्याच काळात तिने छायाचित्रांचे व छापील शब्दांचे तुकडे डकवून आपल्या काळावर भेदक भाष्य करणारी चित्रे रचली. सुई आणि कात्री यांचे नाते तिच्या कामात स्पष्ट दिसते.

आपल्या देवनागरी लिपीत ही कला करू म्हणणाऱ्यास काही खास सोयी आहेत आणि काही अडचणीही. रोमन अक्षरे एकेक सुटी असतात. आपली अक्षरे शिरोरेषेला धरून राहतात. शिरोरेषेवरून शब्द ओळीने डकवले तर ते दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे दिसतात, आणि ती रेषा मध्येच तोडली तर शब्द खाली गळून पडल्यासारखा वाटतो. शिवाय आपल्या मात्रा अक्षराच्या वर आणि खाली राहतात. त्यामुळे शब्दाचा वरचा काठ फाटला की 'दोन'चे 'दान' होते आणि 'मोल'चा 'माल' होतो. खालचा काठ गेला की 'दूर'चा 'दर' होतो. अनुस्वाराचा एक ठिपका उडाला तर 'रंग' जाऊन 'रग' उरते. बाजारातील मालाच्या जाहिरातीत वर किंचित फाटलेला 'मोल' हा शब्द बसवावा, आणि त्याच्या माथ्यावरची मात्रा गेली आहे की आहे असा संशय वाचणाऱ्याच्या मनात राहू द्यावा. रोमन लिपीत हे जमणार नाही. र. कृ. जोशी यांच्यासारख्या सुलेखनकाराने देवनागरी अक्षराकडे दृश्य वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी मराठीला दिली. संगणकावर पुष्कळांच्या परिचयाचा असलेला 'मंगल' हा टंक त्यांचाच, आणि अक्षरांतून कविता रचण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

आतापर्यंत आपण वर चढवण्याचाच विचार केला. झाकणे ही त्याच कलेची दुसरी बाजू आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या हस्तलिखितांत खोडलेल्या शब्दांची एक विलक्षण सृष्टी आढळते. नको असलेला शब्द ते नुसता काटत नसत. एक काट दुसऱ्या काटीला जोडून त्यांतून पक्ष्याची, श्वापदाची, मुखवट्याची आकृती घडवीत. १९२४ साली अर्जेंटिनात मुक्काम असताना 'पूरबी'च्या वहीतील असे कागद व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांच्याच साहाय्याने १९३० साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. ज्या शब्दांना कवितेत जागा मिळाली नाही त्यांना चित्रात मिळाली. तेथे खोडणे हे निर्माण करणेच ठरले.

इंग्रज चित्रकार टॉम फिलिप्स याने हीच रीत दुसऱ्याच्या पुस्तकावर वापरली. १९६६ साली त्याने ठरवले की तीन पेन्सना मिळणारे पहिले सलग पुस्तक घ्यावयाचे आणि त्यावर काम करावयाचे. लंडनच्या पेकहॅम राय भागातील जुन्या सामानाच्या एका दुकानात त्याला डब्ल्यू. एच. मॅलॉक याची १८९२ सालची, बहुतेकांच्या विस्मरणात गेलेली कादंबरी मिळाली. तिचे एकेक पान तो रंगाने, शाईने, डकवलेल्या कागदांनी झाकत गेला आणि मधले थोडेसे शब्द उघडे ठेवत गेला. ते शब्द छापील ओळींमधील पांढऱ्या वाटांनी एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे पानावर जणू शब्दांचे ओहोळ वाहतात. यांतून त्याने एक नवा नायकही शोधून काढला. इंग्रजीत 'एकत्र' या अर्थाच्या शब्दातील पहिली चार अक्षरे हे त्याचे नाव. अर्थातच ज्या पानावर 'एकत्र' हा शब्द मूळ लेखकाने लिहिला असेल त्याच पानावर हा नायक येऊ शकतो; आणि तो तर प्रेमासाठी झुरणारा, एकटा पडलेला मनुष्य आहे! बंधनातून केवढा अर्थ निर्माण होतो पाहा. फिलिप्सने पानांमागून पाने पुन्हा पुन्हा नव्याने केली. शेवटची आवृत्ती २०१६ साली, म्हणजे प्रारंभापासून पन्नास वर्षांनी निघाली. २०२२ साली तो वारला.

तिसरी रीत सोलण्याची. पॅरिसमध्ये १९४९ पासून रेमाँ हेन्स आणि जाक व्हिलग्ले हे दोघे भिंतींवरची फाटकी भित्तिपत्रके काढून आणू लागले आणि ती कलाकृती म्हणून मांडू लागले. एकावर एक चिकटवलेल्या पत्रकांचे वरचे पापुद्रे वाऱ्यापावसाने, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नखांनी गेलेले असतात आणि खालची अक्षरे अर्धवट डोकावत असतात. आपल्याकडच्या कोणत्याही शहरात निवडणूक उरकल्यावर एखाद्या भिंतीपुढे उभे राहावे. नाटकाची जाहिरात, उमेदवाराचे आश्वासन, शिकवणीवर्गाची सूचना यांचे थर तेथे असेच फाटून एकमेकांत मिसळलेले दिसतील. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसाला तर त्या भिंतीवर दोनतीन लिप्या एकमेकींच्या आडून बोलताना आढळतील. परप्रांतात राहणाऱ्याच्या मनाचे याहून खरे चित्र सहसा मिळावयाचे नाही.

मग पारख कशी करावयाची? कपटे डकवले की कविता झाली, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्यामुळे हा प्रकार बदनामही होतो. येथे बा. सी. मर्ढेकरांचा आधार घ्यावासा वाटतो. ते स्वतः आकाशवाणीच्या सेवेत होते, आणि १९५५ सालच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात त्यांनी कलाकृतीतील घटकांची लय संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांवर उभी असते असे प्रतिपादन केले. डकवलेल्या रचनेपुढे उभे राहून आपण हेच तीन प्रश्न विचारावेत. हे तुकडे एकमेकांशी कोठे जुळतात, रंगाने, टाइपाने, की अर्थाने? ते एकमेकांना कोठे छेद देतात? आणि या जुळण्याचा व छेदण्याचा तोल कोठे साधला आहे? याच्या जोडीला आनंदवर्धनाचा चौथा प्रश्न: झाकल्या गेलेल्या शब्दाचा नाद अजून ऐकू येतो का? येत असेल तर मम्मटाच्या आक्षेपाला उत्तर मिळाले. येत नसेल तर ती रचना कितीही देखणी असो, नुसती सजावट समजावी.

एक गोष्ट राहिली, आणि ती कलेपेक्षा कर्तव्याची आहे. कापलेला कागद पुन्हा जुळत नाही. आपल्या पुष्कळ घरांत अजून मोडी लिपीतील कागद, जुन्या चोपड्या, आजोबांची पत्रे माळ्यावर पडलेली आहेत. वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दीत जातात, आणि अलीकडे त्यांची अक्षरे सुंदर दिसतात म्हणून शोभेसाठीही कापली जातात. इतिहासाचार्य राजवाडे अशाच कागदांसाठी गावोगाव हिंडले, आणि त्यांनी मिळवलेल्या पत्रांवर मराठ्यांच्या इतिहासाची पुष्कळशी उभारणी झाली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे, आणि तो वाचू शकणारे डोळे मोजकेच आहेत. संशोधक आणि डकवणारा कवी दोघेही रद्दीच्या ढिगापुढे वाकतात, पण त्यांच्या हातांत वेगवेगळी हत्यारे असतात. म्हणून कात्री हाती घेणाऱ्याने एक नियम पाळावा: जे हजारो प्रतींत छापले गेले ते खुशाल कापावे, जे एकच आहे त्याची छायाप्रत काढावी आणि मूळ जपून ठेवावे. दुसऱ्याचे खाजगी पत्र हाती आले तर त्यातील माणूस ओळखू येणार नाही एवढी काळजी घ्यावी. ज्या लेखकाचे पुस्तक आपण झाकतो त्याचे नाव मात्र झाकू नये. फिलिप्सने मॅलॉकचे नाव कधी लपवले नाही, उलट एका विस्मृत कादंबरीकाराला नवे वाचक मिळवून दिले.

हा नियम कवितेच्याही हिताचाच आहे. परक्या शब्दांवर आपला अर्थ चढवताना त्यांचा पहिला अर्थ जिवंत ठेवावयाचा, हेच या कलेचे मर्म असल्याचे आपण पाहिले. ज्याला त्या पहिल्या अर्थाची कदर नाही त्याच्या हातून नुसते कागद डकवले जातील. ज्याला ती आहे, त्याला रद्दीच्या दुकानातील पुस्तकातून, पुड्याच्या कागदातून, भिंतीवरच्या फाटक्या पत्रकातून कवितेची सामग्री मिळत राहील. तिला खर्च येत नाही. लागतो तो थोडा वेळ, थोडी खळ, आणि दुसऱ्याने टाकून दिलेला शब्द दोनदा वाचण्याची तयारी.